फाटकापाशी थांबणारी व्हॅन

"मेली परत," व्हॅनच्या खिडकीतून इर्शाद म्हणाला.

"गाडीला मेली म्हणत नाहीत," मी म्हणालो. "बंद पडली म्हणतात."

"पण सर, रोज त्याच जागी पडते. फाटकाच्या अलीकडे."

हे मात्र खरं होतं. वैजयंताची पांढरी व्हॅन सोसायटीच्या पार्किंगमधून झोकात निघायची, पाण्याच्या टाकीला वळसा घालायची, आणि फाटक चार-पाच हातांवर आलं की दोन आचके देऊन गप्प व्हायची. आत शाळेची मुलं दाटीवाटीने बसलेली. मी त्याच वेळी फिरायला निघायचो, त्यामुळे माझं फिरणं महिनाभर त्या फाटकापाशीच संपत होतं.

वैजयंताने पुन्हा चावी फिरवली. सेल्फ जोरात घुर्रऽ घुर्रऽ करून फिरला, पण इंजिनाने काही दाद दिली नाही. तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

"मावशी, धक्का मारू का?" मागून कुणीतरी विचारलं.

"बस गप. परवा धक्का मारताना तुझा बूट गटारात गेला होता."

एवढ्यात कुलथे आले. दुधाची पिशवी हातात, चेहरा चौकशी समितीचा. सोसायटीचे सेक्रेटरी, शिवाय त्यांची केतकी याच व्हॅनमध्ये दुसऱ्या सीटवर. वडील येताना दिसताच तिने पुस्तकात डोकं खुपसलं.

"वैजयंताताई, हे आता रोजचं झालं," कुलथे म्हणाले. "शाळेचं गेट बंद झालं की पोरं बाहेर उभी राहतात. आम्ही पालक काल बोललो. शनिवारपर्यंत बघतो. नाही सुधारलं तर सोमवारपासून दुसरी व्हॅन ठरवलेली आहे."

"सगळ्यांनी?"

"सगळ्यांनी."

 वैजयंताचा नवरा बाळू चाकणला एका कंपनीत कंत्राटावर होता, कायम रात्रपाळी, आणि ते कंत्राट कधी असायचं, कधी नसायचं. घर चालत होतं ते या व्हॅनवर. हे कुलथ्यांनाही माहीत होतं, म्हणून ते दुधाच्या पिशवीकडे बघत बोलत होते.

कुलथे गेले आणि जिन्यातून गोदाक्का आल्या. वैजयंताची सासू. मूळच्या करमाळ्याच्या. नुकतीच अंघोळ झालेली, कपाळाला बुक्का, एका हातात पाण्याचा कॅन, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. त्यांनी मागचा दरवाजा उघडला, कॅन आत ठेवला, दरवाजा धाडकन लावला आणि खिडकीशी येऊन एकेकाच्या तळहातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

"चावून खा रे. गिळू नगंस."

सुनेशी एक शब्द नाही. सुनेचाही सासूशी नाही. गोदाक्का जिन्याकडे वळल्या, वैजयंताने हात जोडल्यासारखं करून चावी फिरवली, आणि व्हॅन सुरू झाली. नुसती सुरू नाही, छान गुणगुणत निघून गेली.

ही गोष्ट बारा-तेरा वर्षांपूर्वीची. निगडीजवळची आमची सोसायटी, सगळी कारखान्यांतली माणसं. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो होतो, पण मुलांना काही समजावून सांगायची खोड निवृत्त झाली नव्हती. दुपारी व्हॅन परतली की मुलं घरी जेवून पार्किंगमध्ये माझ्याकडे यायची. फळा नव्हता. खडू घेऊन फरशीवरच काढायचं.

त्या दुपारी मी वैजयंतालाही बसवलं.

"मेस्त्री काय म्हणतो?" मी विचारलं.

"काय म्हणणार, सर. प्लग बदलले, एअर फिल्टर झाडला, बॅटरीची टोकं घासली. सगळ्या जोडांना साबणाचा फेस लावून बघितला, कुठे बुडबुडा नाही. म्हणतो, वहिनी, माझ्याकडे आली की तुमची गाडी शहाण्यासारखी वागते, मी दुरुस्त काय करू?"

"पेट्रोलवर सुरू करून मग गॅसवर का घेत नाहीस? पद्धत तीच आहे."

"पेट्रोलचा पंपच बसलाय. टाकीत पेट्रोल ठेवायचं परवडायचं नाही म्हणून रिकामी चालवली, आणि तो गेला. आता सरळ गॅसवरच मारते. डॅशबोर्डवरचे गॅसचे दिवेही कधीचे लागत नाहीत." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आणि सर, आमच्या सासूबाईंच्या कानावर घालू नका. पोरांनाही सांगून ठेवलंय. बाईमाणसानं गाडी हाकायची का, यावरून घरात सहा महिने अबोला होता. अजून एकदाही त्या व्हॅनमध्ये बसलेल्या नाहीत. आता बंद पडते कळलं तर म्हणायला मोकळ्या, मी सांगितलं नव्हतं का."

"ठीक आहे," मी म्हणालो आणि फरशीवर एक चौकोन काढला. "हे इंजिन. याला सुरू व्हायला काय काय लागतं?"

"चावी," पहिलीतला गोट्या म्हणाला.

"चावीनंतर."

"गॅस," केतकी म्हणाली. "हवा. आणि ठिणगी."

"छान. आता आपण अंदाज करायचा नाही. एकेकाला विचारायचं, तुझा काही दोष आहे का. सेल्फ फिरतो?"

"जोरात," इर्शाद म्हणाला.

"म्हणजे बॅटरी ठीक. ठिणगी?"

इर्शादने विचार केला. "पार्किंगमध्ये तर गाडी सुरू होते. ठिणगी नसती तर तिथेच झाली नसती."

"हवाही असणारच," केतकी म्हणाली. "मग राहिला गॅस. पण सर, गॅस नसेल तर फाटकापर्यंत तरी कशी जाते?"

मी काही बोललो नाही. शिक्षकाला गप्प बसता आलं पाहिजे. हे मला नोकरीत उशिरा जमलं, पण जमलं.

"मी सांगतो," इर्शाद म्हणाला. "पण हसायचं नाही. आजीने लाडू दिला की गाडी सुरू होते. त्याआधी कधीच होत नाही. रोज बघतोय मी."

सगळे हसले. वैजयंता सगळ्यात जास्त.

"हसू नका," मी म्हणालो. "त्याने डोळे उघडे ठेवून बघितलंय. आता हे खरं की खोटं, कसं ठरवायचं?"

"उद्या लाडू घ्यायचाच नाही," केतकी म्हणाली.

गोट्याचा चेहरा पडला. विज्ञानासाठी एवढा त्याग त्याच्याकडून कुणी मागितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, व्हॅन ठरल्या जागी बंद पडली. गोदाक्का आल्या, कॅन ठेवला, डबा उघडला. मुलांनी माना हलवल्या. "आज नको, आजी."

"का रं? कडू झाल्यात?"

"पोट दुखतंय," गोट्या म्हणाला, आणि इतक्या दुःखाने म्हणाला की त्यांनी त्याच्या पोटाला हात लावून बघितला. मग डबा बंद करून त्या गेल्या. वैजयंताने चावी फिरवली. व्हॅन सुरू झाली.

दुपारी इर्शाद खाली मान घालून बसला होता. "माझं चुकलं, सर."

"चुकलं नाही. एक शक्यता कमी झाली. लाडू निर्दोष सुटला. आता दुसरं आठव. अशी एखादी सकाळ झाली का, की व्हॅन थांबलीच नाही?"

मुलं एकमेकांकडे बघू लागली. तारखा कुणाच्या लक्षात राहतात? पण गोट्या पटकन म्हणाला, "लाडू नव्हता तेव्हा."

"आजचं सोड रे," इर्शाद म्हणाला. "आपण नको म्हटलं होतं."

"आज नाही. आजी गावाला गेलेली तेव्हा. लग्नाला. लाडू नव्हता, आणि पाणी पण नव्हतं, आणि आपण शाळेत पहिले पोचलो. मी झोक्यावर बसलो."

केतकीने मान वर केली. "हो सर. तीन दिवस. बाबा म्हणालेसुद्धा, सुधारली वाटतं."

"मावशी, त्या दिवसांत काय वेगळं केलंस?" मी वैजयंताला विचारलं. मुलांबरोबर बसलं की मीही तिला मावशी म्हणायचो.

"काहीच नाही. उलट व्हॅन झाडलीसुद्धा नाही. एरवी सासूबाई रात्री जेवण झालं की खाली येऊन झाडतात. पोरं बिस्किटांचा चुरा करतात ना."

मी खडू उचलला. "बरं, आता गाडी सोडा. सोसायटीचं पाणी बघू. टाकीवरचा कॉक वॉचमनने बंद केला आणि तुम्ही लगेच घरातला नळ उघडला. काय होतं?"

"थोडं पाणी येतं," केतकी म्हणाली. "पाइपातलं. मग फुस्स होतं आणि..." ती थांबली. फरशीवरच्या चौकोनाकडे बघत राहिली. "सर. पाइपातला गॅस संपतो फाटकापाशी."

"म्हणजे?"

"म्हणजे टाकीचा कॉक बंद आहे. कुणीतरी रात्री बंद करतं."

"आणि सकाळी कुणीतरी उघडतं," इर्शाद म्हणाला. "कॅन ठेवताना."

मागच्या सीटच्या पाठीमागे गॅसची ती लांबोडकी टाकी होती आणि तिच्या मानेला कॉक. पाण्याचा कॅन रोज तिथेच, टाकीला टेकवून ठेवलेला असायचा. आम्ही सगळे एकदम वैजयंताकडे बघितलं. तिचं हसू गेलं होतं.

"म्हणजे मुद्दाम," ती म्हणाली.

"वैजयंता..."

"नाही सर, मला आता कळलं. तोंडानं बोलून थांबले नाही, म्हणून हे. रोज पालकांचं ऐकून घेते मी. रोज. आणि ह्या वरून लाडू वाटतात." ती उठलीच. चपला घालायचंही तिला सुचलं नाही.

"थांब. मीही येतो," मी म्हणालो. "कुणी केलं ते कळलंय. का केलं, ते कुठे कळलंय? ते न विचारता उत्तर लिहिलंस तर मी मार्क देणार नाही."

जिना चढताना ती माझ्यापुढे दोन-दोन पायऱ्या ओलांडत होती. मुलं मागून येत होती. खालीच थांबा असं मी त्यांना सांगितलं होतं, पण तपास त्यांचाही होता.

गोदाक्का ओट्याजवळ बसून शेंगदाण्यांची टरफलं पाखडत होत्या. मला बघून पदर सावरला.

"या गुर्जी. पोरांस्नी बरं हाय का? सकाळी लाडू खाल्ला न्हाई कुनी."

वैजयंताने तोंड उघडलं. मी तिच्या आधी बोललो.

"आक्का, व्हॅनमधे मागे ती गॅसची टाकी आहे ना, तिला तुम्ही हात लावता का कधी?"

माझी अपेक्षा होती की त्या दचकतील. त्यांनी सूप खाली ठेवलं आणि मला ठणकावून सांगितलं, "कधी म्हंजे? रोज. गाडी आली त्या दिसापास्नं. बाळूला म्हनलं, गॅस हाय तर चावी कुटं, ते दाव मला. ह्या घरात निजायच्या आधी तीन गोष्टी बगते मी. दाराची कडी, मोरीचा नळ आनि गॅस. घरातला बंद करायचा आनि लेकरं बसत्यात त्या गाडीतला सोडायचा व्हय उघडा?"

"झाडायला म्हणून जाता ते..."

"झाडते बी. पन खरं काम चावीचं."

वैजयंता तशीच उभी होती. "मग सकाळी?" ती म्हणाली. सहा महिन्यांच्या अबोल्यानंतरही या दोघींचं बोलणं असं तुकड्यातुकड्यानेच चालायचं.

"सकाळी उघडते की. अंगूळ झाली की. पारोशानं गॅसला हात लावत न्हाई मी, ठावं हाय तुला. तुझा तू च्या करतीस."

मला एकदम सगळं दिसलं. गेल्या वर्षापर्यंत शाळा दुपारची होती. व्हॅन निघेपर्यंत यांची अंघोळ, पूजा, लाडू, सगळं उरकलेलं असायचं आणि कॉक उघडलेला असायचा. जूनपासून शाळा सकाळची झाली, आणि व्हॅन यांच्या अंघोळीच्या आधी निघायला लागली. कुणाचंच काही बिघडलं नव्हतं. इंजिनाचं नाही, माणसांचं नाही. वेळापत्रक तेवढं बदललं होतं.

"आणि व्हॅन फाटकापाशी असते तोवर तुम्ही येता," मी म्हणालो.

"तर. पयल्यांदा मला वाटलं, आता सकाळची शाळा, ही जायाची निघून, माझी वाट कशाला बगती. कॅन बी ऱ्हायचा, लाडू बी ऱ्हायचा, चावी बी." त्या पुन्हा सूप हातात घेऊन टरफलं फुंकू लागल्या. आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "पन न्हाई. रोज थांबती. फाटकापाशी जाऊन थांबती, मी येईस्तोवर. पोरांस्नी उशीर हुतो तरी थांबती. तोंडानं कदी आई म्हनली न्हाई मला, पन मानती. म्हनून तर ह्या वयात बी झपाझपा जिना उतरते."

 दारात इर्शादने तोंड उघडलं, आणि केतकीने त्याच्या पायावर पाय दिला.

वैजयंता खाली बसली. सासूच्या हातातलं सूप तिने काढून घेतलं आणि पाखडायला लागली. तिला ते नीट येत नव्हतं. अर्धे दाणे फरशीवर गेले.

"असं न्हाई, मनगटातनं," गोदाक्का म्हणाल्या.

"आई," वैजयंता म्हणाली. शब्द जरा जड गेला, पण गेला. "सकाळी ती चावी मी उघडत जाऊ का? तुमची घाई नको. रात्री तुम्हीच बंद करा."

गोदाक्कांनी तिच्याकडे नीट बघून घेतलं. "पारोशी?"

"अंघोळ करून."

"पाच वाजता उठशील?"

"उठेन."

"मग उघड. पन डावीकडं फिरवायची. आनि पुरी. अर्धी ठिवायची न्हाई."

खाली येताना केतकी माझ्या शेजारून चालत होती. तिच्या मनात काहीतरी घोळत होतं.

"सर, आजीला खरं काय ते सांगायचं नाही का? तुम्हीच म्हणता, बघितलं ते लिहायचं."

हा प्रश्न मला आवडला आणि अवघडही वाटला. मी शब्द जुळवत होतो तेवढ्यात पुढच्या पायरीवरून वैजयंताच बोलली.

"केतकी, मी उद्यापासून खरंच थांबणार आहे. मग खोटं कुठं राहिलं?"

केतकीने त्यावर दोन पायऱ्या विचार केला. "मागचे दिवस राहतात," ती म्हणाली.

"ते तू मोठी झालीस की सांग त्यांना," वैजयंता म्हणाली. "तोवर माझी पाखडणी जमेल."

शुक्रवारी शाळेला कसलीशी सुट्टी होती. त्यामुळे परीक्षा थेट शनिवारीच झाली.

मी त्या दिवशी फिरायला जरा लवकरच निघालो. कुलथे फाटकाशी उभे होते, मनगटावर घड्याळ, हातात दुधाची पिशवी. आणखी दोन-तीन पालक होते. दुसऱ्या व्हॅनवाल्याचा नंबर कुलथ्यांनी मोबाइलमध्ये काढूनच ठेवला असावा, कारण ते सारखे मोबाइलकडे बघत होते.

वैजयंता खाली आली. केस ओले, टॉवेलने बांधलेले. तिने मागचा दरवाजा उघडला, वाकली, डावीकडे फिरवलं, पुरं फिरवलं, आणि दरवाजा लावला. मुलं बसली. रोजचा गलका नव्हता. पेपर हातात पडण्याआधी वर्गात असते तशी शांतता होती.

सेल्फ फिरला. इंजिन लागलं. व्हॅन निघाली, पाण्याच्या टाकीला वळसा घालून फाटकाकडे आली. फाटक चार-पाच हातांवर राहिलं, आणि व्हॅन थांबली.

कुलथ्यांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावर आनंद नव्हता, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. "बघितलंत ना, सर?" ते म्हणाले. "मला काय हौस आहे का?"

"कान द्या," मी म्हणालो.

इंजिन चालू होतं. एका लयीत, शांतपणे, अडखळल्याशिवाय. वैजयंता खिडकीतून मान वाकवून जिन्याकडे बघत होती. हात हॉर्नवर होता, पण तिने तो वाजवला नाही.

जिन्यातून गोदाक्का आल्या. आज घाई नव्हती, एकेक पायरी धरून उतरल्या. कॅन मागे ठेवला. ठेवताना टाकीच्या मानेवर हात फिरवून सुनेचं काम तपासून घेतलं, ते मी बघितलं. मग खिडकीशी येऊन लाडू वाटले. गोट्याने दोन्ही हात पुढे केले, गुरुवारची थकबाकी म्हणून. मुलांचं झाल्यावर एक लाडू त्यांनी सुनेपुढे धरला. तिने तो घेतला आणि तसाच तोंडात टाकला.

"चावून खा," गोदाक्का म्हणाल्या.

तेवढ्यात त्यांचं लक्ष कुलथ्यांकडे गेलं. डब्याच्या तळाशी एक लाडू निघाला. तो त्यांच्या दुधाच्या पिशवीवाल्या हातात कसाबसा बसवून त्या म्हणाल्या, "तुमी बी घ्या, साहेब. सकाळधरनं उभं हायसा."

वैजयंताने गिअर टाकला. व्हॅन फाटकाबाहेर गेली, रस्त्याला लागली.

कुलथे हातातल्या लाडवाकडे आणि रिकाम्या फाटकाकडे बघत राहिले. "सर, मला एक सांगा," ते म्हणाले. "काही बिघाड नव्हता, तर मधे बंद कशाला पडली?"

मी उत्तर देणार होतो, पण व्हॅनच्या मागच्या काचेतून इर्शाद आमच्याकडे बघून हात हलवत होता, आणि त्याच्या शेजारी गोदाक्कांचा पाण्याचा कॅन हिंदकळत चालला होता.

"बंद नाही पडली, कुलथे," मी म्हणालो. "थांबली होती."